नागफणीची वाट: अकरा खेपांत शिकलेलं

वडील दर महाशिवरात्रीला खांडसहून पायी भीमाशंकरला जायचे. देवळापर्यंत गाडीरस्ता होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो पुण्याकडून, घाटावरून येतो. आम्ही घाटाखालची माणसं. आपण आपल्या वाटेने जावं असं त्यांचं म्हणणं. १९९७ साली त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं, तेव्हा मी वीस वर्षांची होते. कल्याणहून पहाटेची कर्जत लोकल, नेरळला उतरून कशेळेमार्गे खांडस, आणि मग समोर सह्याद्रीची सरळसोट भिंत. हिच्यातून वाट कुठून जाते, असं मी विचारलं. "रानात शिरलीस की सापडेल, इथून नाही दिसायची," बाबा म्हणाले.

त्या दिवशी दर्शन झाल्यावर ते मला हनुमान तळ्यावरून नागफणीवर घेऊन गेले. नागाने फणा उभारावा तसा कोकणावर झुकलेला हा कडा भीमाशंकरच्या परिसरातली सर्वांत उंच जागा. समोर पदरगड, पलीकडे कोथळीगडाचा सुळका, उजवीकडे सिद्धगड, आणि पायाखाली आपण सकाळी जिथून निघालो ते सगळं. तेव्हापासून मी ही वाट अकरा वेळा चढले. त्यातल्या चारच वेळा कड्यावरून स्वच्छ दिसलं. उरलेल्या सात वेळा धुकं, धुरकट ऊन किंवा पाऊस. रानाचे पाच तास मात्र अकराही वेळा पदरात पडले. म्हणून खाली लिहिलेलं बहुतेक त्या पाच तासांबद्दल आहे.

१. परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची.

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या वेळेचा एक हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात: पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. खांडस समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे मीटरवर, माथा हजाराच्या आसपास. म्हणजे चढाईचा दीड तास, अंतराचे दोन धरले तरी साडेतीन तासांत माणूस वर पोचायला हवा. मला खांडसच्या दोन वाटांपैकी सोप्या, गणेश घाटाच्या वाटेने पाच तासांच्या आत आजवर एकदाही जमलेलं नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि मुळ्या-दगडांच्या वाटेवर पाऊल बघून टाकावं लागतं. आपल्याकडे या हिशेबाची दीडपट धरावी, सोबत नवखं कोणी असेल तर त्याहून थोडी जास्त.

त्याच दिवशी खांडसला उतरायचं असेल तर मी पहाटे सहाला चालायला लागते आणि दुपारी एकला, कुठेही असले तरी, मागे वळते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. उशीर झालाच तर वर देवळापाशी जाऊन एसटीने पुण्याकडे निघून जावं. घर लांब पडतं, पण अंधारात घाट उतरण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. दोन वेळा मी असं केलं आहे आणि दोन्ही वेळा कल्याणला रात्री बाराला पोचले.

२. डोंगराला पदर असतो, तिथे बसायचं.

कोकणातून सह्याद्री एकच भिंत वाटतो. चढायला लागल्यावर कळतं की मध्येच एक पायरी आहे: खालचा चढ संपतो, सपाटी लागते, आणि मग वरची कातळभिंत सुरू होते. ह्या मधल्या सपाटीला पदर म्हणतात. पदरवाडी, पदरगड ही नावं त्यावरूनच आली. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून सपाट होतो.

खांडसहून निघणाऱ्या दोन वाटा, शिड्यांची अवघड शिडी घाट आणि लांबची पण सोपी गणेश घाट, पदरावर एकत्र येतात. तिथे चहाचा झाप आहे. पहिली दोन-तीन वर्षं मी तिथे न थांबता पुढे जायची, कारण चाल तुटते असं ऐकलेलं. मग वरच्या चढावर दर दहा मिनिटांनी दम लागायचा. आता तिथे अर्धा तास बसते. चहा घेते, मीठ लावलेली काकडी खाते, मोजे काढून पाय वाळवते, आणि वरच्या भिंतीकडे नीट बघून घेते: ढग कुठवर उतरलाय, वाट कुठल्या घळीतून जाते. खालचा चढ उघड्यावरचा, उन्हाचा. वरचा चढ गच्च रानातला. ही दोन वेगळी चालणी आहेत आणि मध्ये श्वास घ्यायला डोंगरानेच जागा ठेवली आहे.

३. ढोरवाट आणि माणसाची वाट ओळखायला शिका.

हे मी सगळ्यांत महाग शिकले. २००९ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघी वरून उतरत होतो. दुपारी तीनला धुकं आलं, असं की दहा पावलांपुढचं झाड दिसेना. वाट पायाखाली स्पष्ट होती, म्हणून चालत राहिलो. वीस मिनिटांनी तिला दोन फाटे फुटले, मग तिसरा, मग दोन पुन्हा एकत्र आले. वाट आहे ना, मग झालं, असं मी म्हणत राहिले. शेवटी ती गवताच्या एका उतारावर विरून गेली आणि उताराखाली नुसता पाण्याचा आवाज. घळ किती खोल आहे ते दिसत नव्हतं. एक मैत्रीण रडायला लागली. मला धीर देता येईना, कारण पुढे मी होते आणि चूक माझीच होती.

आम्ही जागच्या हललो नाही, एवढी एकच गोष्ट बरोबर केली. आळीपाळीने हाका मारत राहिलो. पाऊण तासाने वरून "कूऽऽ" असं उत्तर आलं आणि गुरं शोधायला निघालेले एक मामा धुक्यातून उतरले. खांद्यावर घोंगडी, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. रागावले नाहीत. "ताई, ही ढोरांची वाट. ढोरं चाऱ्याला जात्यात, त्यास्नी खांडसला कशाला जायचंय?"

मागे वर नेताना त्यांनी मला एक फांदी दाखवली. आमच्या वाटेवर ती कमरेच्या जरा वर आडवी आलेली, सालीवर केस चिकटलेले. गुरं तिच्याखालून जातात, पाठ घासतात. "माणूस असता तर तोडली असती का नाय?" मूळ वाटेला लागल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंच्या झुडपांकडे बोट केलं. छातीच्या, डोक्याच्या उंचीवर तिरपे छाट होते: काही जुने, काळे पडलेले, काही याच पावसातले, अजून पिवळसर. वाटेने जाणारा प्रत्येक माणूस आडवी आलेली फांदी सहज छाटत जातो, आणि वाट तशी जिवंत राहते. मी बारा वर्षं त्या वाटेने जात होते आणि ते छाट मला कधी दिसले नव्हते.

तेव्हापासून तीन गोष्टी बघते. फांद्यांवर कोयत्याचे छाट आहेत का. वाटेतले दगड पावलांनी गुळगुळीत झालेत का. आणि वाट फाटे फोडत चाललीय की एकच राहते. माणसाला कुठेतरी पोचायचं असतं, म्हणून त्याची वाट एक राहते. वीस पावलांत यातलं काहीच दिसलं नाही तर जिथे शेवटची खात्री होती तिथपर्यंत मागे जायचं. रंगाचे बाण पुसतात, दगडावर रचलेले दगड गुरं पाडतात, मोबाइलच्या नकाशातली रेघ दाट झाडीखाली पन्नास-पन्नास मीटर इकडेतिकडे सरकते. छाट खोटं बोलत नाही.

४. हात टाकण्याआधी बघा.

चढावर कारवीचा दांडा धरायचा मोह होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर चापडा हा हिरवा, विषारी साप फांदीवर अगदी हाताच्या उंचीला तासन् तास निश्चल बसलेला असतो. मी एकदाच पाहिला, मनगटापासून वीतभर अंतरावर. तो हलला नाही, मीही नाही. शिवाय कारवीचा वाळका दांडा वजन घेत नाही, मुळासकट हातात येतो. आधार घ्यायचा तर दगडाचा, नाहीतर काठीचा.

५. मान वर करून उभं राहिल्याशिवाय शेकरू दिसत नाही.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. लोक त्याला शेकरूचं रान म्हणतात आणि तिथे जाऊन खाली बघत चालतात. चढावर दुसरं काही शक्यही नसतं. पहिल्या चार खेपांत मला शेकरू दिसलं नाही, आणि आता ती उरली नाहीत असं मी ठामपणे सांगत सुटले होते.

मग एका खेपेला बुटाची नाडी तुटली. वरच्या रानात एका जांभळीखाली बसून गाठ मारत होते. मांडीवर काहीतरी पडलं, मग पुन्हा. कुरतडलेल्या फळाची सालं होती ती. वर पाहिलं तर पन्नास फुटांवर आडव्या फांदीवर मागच्या पायांच्या बळावर ते बसलेलं, पुढच्या दोन्ही हातांत फळ. पाठ तपकिरी-तांबूस, पोट पिवळट पांढरं आणि अंगाहून लांब शेपूट फांदीखाली वजनासारखं सोडलेलं. खाणं झाल्यावर त्याने फांदीला तोंड पुसलं, दोन्ही गाल, आधी डावा मग उजवा, आणि शेजारच्या झाडावर झेप घेतली. वीस फुटांचं अंतर असेल. फांदी खाली गेली, वर आली, आणि ते पानांत नाहीसं झालं.

शेकरू क्वचितच जमिनीवर येतं. त्याचा रस्ता वरून, झाडाच्या शेंड्याला शेंडा भिडलेला असतो तिथून जातो. रुंद गाडीवाट काढली, चार मोठी झाडं पडली की त्याचा रस्ता तुटतो. खाली आपल्याला मात्र रान तेवढंच हिरवं दिसतं. हे समजल्यापासून मी चालताना दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं थांबते आणि नुसती वर बघते. फांद्यांच्या टोकांना काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात, ती त्यांची घरटी. एकाच शेकराची अशी कित्येक असतात.

थांबलं की ऐकूही येतं. भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, आणि पावसाच्या सुरुवातीला ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ. वाट न ठरवता निघालेल्या माणसाने गुणगुणावं तशी ती जाते, मध्येच सोडून देते, पुन्हा धरते.

६. रान कोणाच्या तरी पोटापाण्याचं असतं.

उन्हाळ्यात या भागात हिरडा गोळा होतो. कोवळं फळ वाळवलं की तो बाळहिरडा. त्याच्या टॅनिनमुळे कातडं कमावायला आणि रंगाला मागणी, आणि त्रिफळा तर त्याच्याशिवाय होतच नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या महादेव कोळी घरांना वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग त्यातून मिळतो. एका मे महिन्यात वाटेवर चटईभर हिरवी फळं पसरलेली दिसली. मैत्रिणीने मूठभर उचलली, फोटोसाठी. झाडावर चढलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा वरून म्हणाला, "ताई, ती मोजलेली हायेत." आम्ही परत ठेवली आणि खाली बसून त्याला अर्धा तास वेचायला मदत केली. बोटं काळी झाली, ती आठवडाभर निघाली नाहीत.

तेव्हापासून वाटाड्या घेतला तर पैसे आधी ठरवून, पूर्ण देते. चहा झापावरच पिते, जेवण सांगून ठेवते, घरून डबे लादून नेत नाही. आणि आपण नेलेलं प्लास्टिक आपणच परत आणायचं, याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. पिशवी पुढे करते.

७. पावसाळ्यात बंदी असेल तर जाऊ नये.

जोराच्या पावसात शिडी घाटाचा कातळ शेवाळाने साबणासारखा होतो आणि शेजारचा ओढा तासाभरात वाट गिळतो. बंदीचे आदेश निघतात ते वाचून जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने सगळ्यांत चांगले. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर माणशी चार लिटर पाणी.

८. ढग घड्याळाने चालतो.

कोकणातली दमट हवा या भिंतीला येऊन थडकते आणि वर चढते. चढताना दर शंभर मीटरला साधारण अर्धा ते एक अंश निवते, आणि पुरेशी निवली की तिच्यातल्या वाफेचा ढग होतो. म्हणून खाली खांडसला ऊन असतं, पदर स्वच्छ असतो, आणि नागफणी मात्र कापसात गुंडाळलेली. पाऊस संपल्यानंतरच्या दिवसांत सकाळी नऊ-दहापर्यंत कडा बहुधा मोकळा असतो. ऊन तापलं की खालची हवा उचलली जाते आणि साडेदहा-अकराला पहिला पुंजका कड्यावर डोकावतो. स्वच्छ दिसलेल्या माझ्या चारपैकी तीन खेपा आदल्या रात्री वर मुक्काम करून सकाळी सातला नागफणीवर गेल्याच्या आहेत.

या पायी खेपांखेरीज एकदा जुलैत गाडीने वर मुक्कामाला गेलो असताना, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी रात्री घरामागे नेलं आणि बॅटऱ्या बंद करायला लावल्या. पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग कुजलेल्या लाकडाच्या पडलेल्या ओंडक्यावर फिकट हिरवट उजेडाच्या रेघा उमटल्या. लाकूड कुजवणारी बुरशी चमकते ती. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ती दिसत नाही आणि एकाने मोबाइल पेटवला की सगळ्यांची पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय फिरायचं नाही. आम्हीही कुंपणाबाहेर गेलो नाही.

९. कड्याच्या टोकाला उभं राहायचं नाही.

ऑक्टोबरात कडेचं गवत कमरेएवढं असतं आणि जमीन कुठे संपते ते त्याखाली कळत नाही. वाऱ्याचा झोतही खालून वर येतो, अचानक येतो आणि अचानक थांबतो. त्याला रेलून उभा असलेला माणूस पुढे जातो. बाबांनी पहिल्याच दिवशी मला दहा फूट मागे बसवलं होतं. अगदी खाली बघायचंच असेल तर पोटावर झोपून, आणि पाय धरायला मागे कोणीतरी. अशा कातळांवर आग्यामोहोळं असतात, म्हणून धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

१०. उतरायला चढण्याइतकंच बळ शिल्लक ठेवायचं.

चढताना दम जातो, उतरताना गुडघे. बाबांचे गुडघे २००६ साली गेले आणि त्यांची वारी थांबली. त्यांची बांबूची काठी माझ्याकडे आहे. चढताना ती हाताला ओझं होते आणि उतरताना तिसरा पाय. पावलं लहान टाकायची, गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा, आणि पदरावर पुन्हा बसायचं, घाई असली तरी.

मागच्या नोव्हेंबरात मुलीला पहिल्यांदा नेलं. सकाळी जाताना झापावरच्या मावशींनी तिला चहा देता देता विचारलं, "नागफणीला जाणार? मग आमचं घर दिसतंय का बघ. मला कधी तिथनं बघायला गावलं नाय." मावशी वर देवाला जातात, आजारी माणसाला घेऊन जातात. नागफणीला जायला त्यांना कधी कारणच पडलेलं नव्हतं.

वर पोचलो तेव्हा बारा वाजले होते आणि समोर पांढरं. तिथे बसून भाकरी खाल्ली. साडेबाराच्या सुमारास ढग मध्येच फाटला आणि खाली पदराचा पिवळा तुकडा उघडा पडला, दोन-तीन मिनिटं. मुलगी पोटावर झोपून बघत होती, मी तिचे घोटे धरले होते. मग ते मिटलं. आम्ही एकपर्यंत थांबलो आणि निघालो.

तीन वाजता झापावर आलो. मावशी चुलीपाशी होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं.

"दिसलं," मुलगी म्हणाली. "निळ्या ताडपत्रीचं ना? आणि बाजूला लाल काहीतरी होतं, लांब."

मावशींनी वळून मागे बघितलं. दोरीवर सकाळी वाळत घातलेलं लुगडं अजून तसंच होतं.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे दिसलं तिथनं?"